पार्श्वभूमी : कोयना, किल्लारी आणि रद्द झालेला ‘झोन एक’

महाराष्ट्रातील भूकंपाच्या धोक्याची चर्चा कोयनेपासून सुरू होते आणि बहुतेक वेळा ‘झोन’, म्हणजे नकाशावरील भूकंप विभाग, या एकाच शब्दापाशी येऊन अडते. देशाच्या भूकंपविषयक बांधकाम मानकातील पहिला विभाग नकाशा १९६२ मध्ये निघाला. तो ज्ञात भूकंपांची केंद्रे आणि त्यांनी केलेली पडझड यांच्या आधारे आखलेला होता, आणि दख्खनच्या कातळाखालचे प्राचीन भूकवच स्थिर असल्याची समजूत त्यात गृहीत होती. त्याच सुमारास कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागले आणि आजूबाजूच्या गावांना लहान हादरे बसू लागले.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली आणि कोयनानगर बरेचसे जमीनदोस्त झाले. धरणाच्या अंतर्भागातील त्वरणमापकावर धरणाच्या अक्षाच्या दिशेने गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट इतकी कमाल नोंद झाली, तर धरणाच्या आराखड्यात भूकंपासाठी ०.०५ पट धरले होते. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘बारा पट चूक’ असे म्हणण्याची पद्धत आहे. ती पूर्णपणे न्याय्य नाही, कारण पहिला आकडा क्षणभराच्या शिखराचा आणि दुसरा हिशेबासाठी धरलेल्या स्थिर बलाचा आहे. मात्र खालपासून माथ्यापर्यंत सारखेच बल धरण्याच्या त्या रीतीत धरणाचा वरचा भाग अधिक हेलकावतो ही गोष्ट सुटली होती, आणि १०३ मीटर उंचीच्या या धरणाला आडव्या भेगा पडल्या त्या वरच्याच भागात, जिथे मागील बाजूचा उतार एकदम बदलतो तिथे.

यानंतर १९७० मध्ये नकाशा पुन्हा आखला गेला. सातऐवजी पाच विभाग ठरले (‘एक’ सर्वांत कमी धोक्याचा, ‘पाच’ सर्वाधिक) आणि कोयनेभोवती ‘झोन चार’चे एक बेट उमटले. जलाशयाशी निगडित भूकंपांचे क्षेत्र म्हणून कोयनेला वेगळे काढणे समजण्यासारखे होते. पण त्यामुळे जिथे भूकंप होऊन गेला तिथे रंग गडद आणि जिथे झाल्याची नोंद नाही तिथे फिका, ही पद्धतही पक्की झाली. ‘झोन एक’चा मूळ अर्थ एवढाच होता की तेथे जमिनीच्या हादऱ्याची प्रखरता बारा पायऱ्यांच्या मर्केली मापनश्रेणीवर पाचपर्यंतच अपेक्षित आहे. कार्यालयांतून आणि बांधकामांवर त्याचा अर्थ ‘इथे भूकंप नाही’ असा लावला जाई, आणि तसा अर्थ लावणाऱ्यांना फार दोष देता येत नाही. क्रमांकच तसा सुचवत होता.

किल्लारी या ‘झोन एक’मध्ये होती. ऑक्टोबर १९९२ मध्ये तेथे धक्के बसले होते, तरी नकाशात त्याने काही फरक पडला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले असताना, सुमारे ६.२ तीव्रतेच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास बळी घेतले. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर उन्हाळ्यात घर गार राहावे म्हणून थरांवर थर चढवलेले मातीचे माळवद, म्हणजे सपाट छप्पर: भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांपासून सुटले आणि माळवद आपल्या वजनासह खाली आले. याहून लहान आकड्याचा भूकंपही अशा घरांना पुरला असता.

‘झोन एक’ रद्द करण्याचा निर्णय त्यानंतर नऊ वर्षांनी, मानकाच्या २००२ च्या सुधारणेत आला. तो विभाग ‘दोन’मध्ये मिसळला आणि किल्लारी परिसर ‘तीन’मध्ये गेला. या निर्णयाकडे दोन प्रकारे पाहिले गेले. देशातील कोणतीही जमीन भूकंपमुक्त नाही हे मानकाने मान्य केले, असे समर्थक म्हणतात, आणि ते खरे आहे. दुसरी बाजू अशी की किल्लारीभोवती रंग गडद करताना १९७० मध्ये कोयनेबाबत जे केले तेच पुन्हा झाले. प्रस्तुत लेखकाला हा आक्षेप अधिक वजनदार वाटतो. भुजचा २००१ चा भूकंप आधीपासूनच ‘पाच’मध्ये असलेल्या भागात झाला, म्हणजे दीर्घ नोंदी असलेल्या प्रदेशात ही पद्धत चालते. पण द्वीपकल्पात मोठ्या भूकंपांमधील अंतर लिखित इतिहासापेक्षा मोठे असू शकते.

यावर उपाय म्हणून संभाव्यतेवर आधारलेले गणित पुढे आले. ५० वर्षांत ओलांडले जाण्याची शक्यता १० टक्के, म्हणजे साधारण ४७५ वर्षांतून एकदा अपेक्षित हादरा किती, असा प्रश्न त्यात विचारला जातो. कोयना-वारणा पट्ट्यासाठी त्याला आधार देता येतो, कारण सुमारे ३० किलोमीटर लांबीच्या त्या पट्ट्यात सहा दशके धक्के मोजले जात आहेत आणि संशोधनासाठी घेतलेल्या खोल छिद्रांमुळे रासाटीजवळ बेसॉल्टच्या सुमारे ९३० मीटर थराखाली थेट ग्रॅनाइटसदृश खडक लागतो हेही कळले आहे. किल्लारीसाठी अशी मालिका नाही. २००२ च्या मानकात मात्र दोन्ही ठिकाणांचा हिशेब एकाच तक्त्यातून निघत होता: ‘चार’ला गुरुत्वत्वरणाच्या ०.२४ पट, ‘तीन’ला ०.१६ पट. हे आकडे किती वर्षांतून एकदा येणाऱ्या हादऱ्याचे, ते त्या तक्त्यात लिहिलेले नव्हते.