कढीपत्त्याची पानं कोण खातंय?

साताऱ्यात श्रावण सरत आला की परसातल्या कढीपत्त्याला कोवळे शेंडे फुटतात. त्यातल्या एखाद्या पानावर पाखराची शिट पडल्यासारखा काळपट-पांढरा ठिपका दिसला, तर तो लगेच झटकू नका. काडीने हलकेच डिवचून बघा. डोक्यामागून दोन फाट्यांचं नारिंगी-लाल शिंग बाहेर आलं आणि उग्र वास सुटला, तर ती लिंबू फुलपाखराची किंवा त्याच्याच कुळातल्या एखाद्या फुलपाखराची अळी आहे. शिटेचं सोंग आणि हा वास, दोन्ही तिने शत्रूंपासून वाचण्यासाठी घेतलेले.

मादी कोवळ्या पानांवर मोहरीहून लहान, फिकट पिवळी अंडी एकेक सुटी घालते. अळी तीन-चार दिवसांत बाहेर येते, पुढच्या साधारण दोन आठवड्यांत चारदा कात टाकते, आणि शेवटच्या कातेनंतर शिटेचा रंग जाऊन हिरवीगार होते. आता ती बोटाच्या दोन पेरांएवढी असते आणि आयुष्यभरात जेवढी पानं खाते त्यातली बहुतेक याच चार-पाच दिवसांत फस्त करते. ‘काल झाड भरलेलं होतं, आज काड्या उरल्या’ ही तक्रार त्यामुळेच येते. अळी शोधायची तर वर बघण्याआधी खालच्या पानांवर बघा. काळपट-हिरव्या दाणेदार लेंड्या दिसल्या, की त्यांच्या बरोबर वर ती असतेच.

झाड दोन फुटांपेक्षा लहान असेल तर दोन-तीनच अळ्या ठेवा. बाकीच्या दुसऱ्या मोठ्या कढीपत्त्यावर न्या, पण चिमटीने ओढून नव्हे. ज्या पानावर बसली आहे ते पान देठासकट कापा आणि नव्या फांदीत अडकवून द्या, ती आपणहून सरकते. कात टाकण्याआधी अळी दिवसभर निश्चल बसते. पानावर विणलेल्या रेशमी गादीत तिचे पाय रुतलेले असतात आणि ओढलं तर इजा होते. लिंबावर वाढलेली अळी कढीपत्त्यावर ठेवली, तर ती उपाशीही राहू शकते, म्हणून झाड तेच ठेवलेलं बरं.

कुंडी किमान १४ इंचांची घ्या. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत. नुसती काळी माती भरली तर पावसाळ्यात पाणी साचून मुळं कुजतात. जागा असेल तर शेजारी कागदी लिंबू लावा. २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेल्या राणी पाकोळीची अळीही लिंबाच्याच कुळावर वाढते, आणि यवतेश्वराच्या बाजूला घाटाची झाडी जवळ असल्याने तिची वाट बघायला हरकत नाही. रुईवर वेगळी फुलपाखरं येतात, पानफुटीवर आणखी वेगळी. फुलांत झेंडू आणि एक्झोरा पुरेसे आहेत.

बागेतल्या बऱ्याच अळ्या औषधाने मरतात. कडुनिंबाचं तेल ‘नैसर्गिक’ म्हणून बिनधास्त फवारलं जातं, पण त्यातलं द्रव्य अळीला कातच टाकू देत नाही. मावा पडला तर पाण्याची जोरदार धार मारा, तेवढ्याने बराचसा झडतो. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपात कीटकनाशक मुरलेलं असू शकतं, त्यामुळे तिथून आणल्यावर लगेच त्यावर अळ्या सोडू नका.

पक्ष्यांसाठी पाण्याचं भांडं पसरट, खडबडीत आणि दोन बोटं खोल असावं. मधमाश्यांना टेकायला मध्ये एक दगड ठेवा. झुडपापासून सहा-सात फूट लांब ठेवलं की मांजराला दबा धरता येत नाही. पाणी रोज बदला आणि आठवड्यातून दोनदा काथ्याने कडा घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटतात आणि वाळली तरी महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून नुसतं ओतून टाकणं पुरत नाही. दुसऱ्या बशीत माती-वाळूचा चिखल करून चिमूटभर मीठ घाला. नर फुलपाखरं तिथे क्षार शोषायला बसतात आणि मिलनाच्या वेळी तो मादीला देतात.

काही अळ्या गायब होतील. शिंपी पक्षी आणि बुलबुल पिलांना बरेचसे किडेच भरवतात, आणि अळ्या नसलेल्या बागेत पिलांची आबाळ होते. कोषाला बारीक गोल भोक दिसलं, तर आतून परजीवी गांधीलमाश्या बाहेर पडल्या असं समजा. तो कोष वाया गेलेला असतो, पण त्या माश्याही बागेच्याच आहेत.

उरलेला कोष आठवडाभराने काळपट पडतो आणि पंखांवरची नक्षी बाहेरून दिसू लागते. मग दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर बघा. फुलपाखरू कोष फोडून वर चढतं, चुरगळलेले पंख खाली सोडतं आणि ते वाळेपर्यंत तास-दीड तास तसंच लोंबत राहतं. तेवढा वेळ त्या कुंडीवर पाणी मारू नका.