बॅटरी उतरली की जोड गंजला?

पानशेतच्या पाण्यावर बोट उतरवली, किल्ली फिरवली आणि आउटबोर्डमधून (बोटीच्या मागे लावलेल्या मोटारीतून) नुसतं टक-टक-टक-टक. काठावरचे सगळे एकमुखाने म्हणतात, "बॅटरी उतरली." मीही तेच म्हणालो होतो आणि नवी बॅटरी आणून बसवली. तिच्यावरही तेच टकटक! चोर निघाला निगेटिव्ह केबलच्या थिंबलखालचा (टोकाच्या धातूच्या कडीखालचा) हिरवट थर. बोट मे महिन्यात कोकणात फिरून आली होती, खाऱ्या पाण्याने आपलं काम चोख केलं होतं.

घोळ होतो कारण दोन्हीचं लक्षण एकच. किल्ली फिरवली की सोलेनॉइड (स्टार्टरला करंट जोडणारा चुंबकी स्विच) ओढला जातो, स्टार्टर (इंजिनला सुरुवातीचा फेरा देणारी छोटी मोटार) करंट मागतो, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो. सुटताच व्होल्टेज वर येतं, तो पुन्हा ओढला जातो. बॅटरी दमलेली असो की जोड खराब, आवाज तोच.

मग लोक मल्टिमीटर लावतात (पुण्याच्या तपकीर गल्लीतला साधा मीटरही चालतो) आणि इथेच फसतात. 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी, हे खरं. पण हे झालं बॅटरी स्वस्थ बसलेली असताना. म्हातारी बॅटरीही बसल्या जागी 12.6 दाखवते आणि ओझं पडलं की बसते. जोडाचं तर विचारूच नका. त्यात फक्त 0.05 ओहमचा अडथळा असला, तरी 1 अँपिअरच्या दिव्याला काही फरक पडत नाही, दिवा लख्ख लागतो. तिथूनच स्टार्टरचे 100 अँपिअर जायचे म्हटले, की 5 व्होल्ट त्या जोडातच जिरतात.

म्हणून मोजायचं ते सेल्फ मारतानाच. गिअर न्यूट्रलला, किल स्विचची (मोटार तातडीने बंद करणाऱ्या स्विचची) दोरी काढलेली, म्हणजे बहुतेक मोटारी नुसत्या फिरतात, चालू होत नाहीत. पेट्रोलचा वास येत असेल तर आधी मोटारीचं झाकण उघडून हवा खेळू द्या. मीटरच्या दोन्ही पिना बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर टेकवा, त्यांना आवळलेल्या केबलच्या क्लॅम्पवर नाही. दुसऱ्याने किल्ली फिरवावी. आकडा 9.6 च्या खाली गेला तर संशय बॅटरीवर. ती पूर्ण चार्ज करून पुन्हा बघा. तेव्हाही पडला तर बॅटरी बदला, पण त्याआधी स्टार्टर जाम नाही ना एवढं पाहून घ्या, कारण तोही चांगल्या बॅटरीला खाली खेचतो.

आकडा 12 च्या आसपास टिकला आणि स्टार्टर मात्र हलत नाही? मग एक पिन खुंटीवर, दुसरी तिलाच चिकटलेल्या क्लॅम्पवर ठेवून पुन्हा सेल्फ मारा. इथे जवळपास शून्य यायला हवं. आमच्याकडे निगेटिव्हला साडेतीन आले! इथे ठीक असेल तर खुंटीवरून थेट इंजिनच्या ब्लॉकपर्यंत, मग पॉझिटिव्हकडून स्टार्टरच्या बोल्टपर्यंत मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की त्याच वाटेवर शोधा. हात लावून गरम लागणारा जोड बहुधा तोच.

एकच 'टक' होऊन शांतता असेल तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट किंवा स्टार्टरचे ब्रश (फिरत्या भागाला करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे) बघा. अजिबात आवाज नसेल तर फ्यूज आणि न्यूट्रल स्विच (गिअर पडलेला असताना सेल्फ लागू न देणारा).

जोड साफ करताना निगेटिव्ह आधी काढा. पॉलिश पेपरने धातू चकाकेपर्यंत घासा. विंग नट असेल तर फेकून साधा नट लावा. हाताने आवळलेला विंग नट मोटारीच्या थरथराटाने ढिला होतोच. व्हॅसलिन वरून, तेही पान्ह्याने घट्ट केल्यानंतर.