डोक्यात भुसा नसलेलं हरीण

‘पेंढा भरलेलं हरीण’ असं आपण सर्रास म्हणतो. पण गेल्या शंभरेक वर्षांतल्या चांगल्या कारागिराचं काम उघडून पाहिलं, तर आत पेंढाही सापडत नाही आणि भुसाही. भाषेने जुनी पद्धत धरून ठेवली, धंद्याने ती केव्हाच सोडली. भिंतीवरच्या अशा डोक्याची अवस्था जोखायची, तर ते कोणत्या पद्धतीच्या काळातलं आहे हे आधी ओळखावं लागतं.

सुरुवातीला टिकायची ती शिंगंच. ड्रेस्डेनजवळच्या मोरित्झबुर्ग महालात 1696 साली मारलेल्या हरणाची 66 फाट्यांची शिंगं आजही आहेत. कातड्याचं मात्र अवघड होतं. कसर लागली की केस झडायचे, उरलेलं किडे फस्त करायचे. त्यावर उपाय काढला फ्रान्समधल्या मेट्झ गावच्या झां-बाप्तिस्त बेकर (1718–1777) या औषधविक्रेत्याने. साबण, कापूर, चुना आणि सोमल (आर्सेनिक हे जहाल विष) यांचा लेप तो कातड्याला आतून चोळायचा. कृती त्याने जन्मभर गुपित ठेवली, ती बाहेर आली त्याच्या मृत्यूनंतर. पुढे विसाव्या शतकातही हा सोमल वापरात राहिला. म्हणून जुन्या डोक्याच्या कानामागे किंवा केसांच्या मुळाशी पांढरी भुकटी दिसली, तर फुंकर मारायची नाही; हातमोजे घालायचे आणि मगच पुढचं पाहायचं.

कातडं टिकलं, तरी आकार जमेना. शिवलेल्या कातड्यात मिळेल ते ठासून भरायचं, मग हरणाची मान उशीसारखी फुगायची. कार्ल एकली (1864–1926) या अमेरिकी कारागिराने भरणं सोडून घडवणं सुरू केलं. आधी मातीत स्नायूंसकट प्राणी उभा करायचा, त्याचा प्लास्टरचा साचा घ्यायचा, साच्यातून कागदाच्या लगद्याचा हलका पोकळ सांगाडा काढायचा आणि त्यावर कमावलेलं कातडं चढवायचं. चार ऋतूंतली पांढऱ्या शेपटीची हरणं त्याने 1902 च्या सुमारास शिकागोच्या फील्ड म्युझियमसाठी अशीच घडवली. आज कागदाच्या लगद्याऐवजी फोमचे तयार सांगाडे मिळतात.

कातडं अशा सांगाड्यावर चढवायला लागल्यापासून दोष शोधायच्या जागाही बदलल्या. गालावर, मानेच्या खोलगट भागावर नखाने हलकं टिचकावून पाहावं. डफासारखा पोकळ आवाज आला, तर कातडं सांगाड्यापासून सुटलं आहे. डोळ्यांच्या कोपऱ्यांत आणि नाकपुड्यांशी भेगा आहेत का, कानाच्या कडा वाळून वळल्या आहेत का, तेही बघायचं. कातडं नीट कमावलेलं नसेल, तर ते जुन्या वर्तमानपत्रासारखं फाटतं, आणि त्यावर इलाज जवळजवळ नाही. डोळ्यातल्या बाहुलीचा आकार तर घाईचं काम लगेच उघडं पाडतो: हरणाची बाहुली आडवी, लांबट असते, तिथे गोल ठिपका बसवला असेल, तर चेहरा खेळण्यातला वाटतो.

एवढं करून पैसा बहुधा शिंगांनाच मिळतो. लंडनच्या रोलंड वॉर्ड या कारागिराने 1892 मध्ये शिंगांच्या मापांची नोंदवही छापली. अमेरिकेत 1887 साली स्थापन झालेल्या बून अँड क्रॉकेट या शिकाऱ्यांच्या क्लबने 1932 मध्ये आपली पहिली नोंदवही काढली आणि 1950 मध्ये गुण मोजायची आजची पद्धत ठरवली: मुख्य शिंगांची लांबी, फाटे, घेर, मधलं अंतर, सगळं इंचाच्या आठव्या भागापर्यंत. मोजायच्या आधी शिंगं 60 दिवस सुकू द्यायची. कवटी मधून चिरलेली असेल, तर नोंद नाहीच. नुसतं रूप पाहून भाव सांगणाऱ्यावर म्हणूनच माझा विश्वास नाही. मापांबरोबर कागद लागतात: कुठे, कधी, कोणी मारलं, आणि ते विकणं कायद्यात बसतं का.

कागद नसले की काय होतं, हे जेम्स जॉर्डन यांच्या हरणाने दाखवलं. 1914 साली विस्कॉन्सिनमध्ये मारलेल्या या हरणाचं डोकं त्यांनी कारागिराकडे दिलं. कारागीर गाव सोडून गेला, त्याच्याबरोबर डोकंही गेलं. 1964 मध्ये ते मिनेसोटातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत 3 डॉलरला गेलं. शिंगं मोजल्यावर पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा जागतिक विक्रम निघाला, पण मारणाऱ्याच्या जागी ‘अज्ञात’ लिहिलं गेलं. हरीण आपलंच, हे जॉर्डन सांगत राहिले. क्लबने ते मान्य केलं 1978 च्या डिसेंबरात. जॉर्डन ऑक्टोबरातच वारले होते.