कुंपणावरची कळलावी आणि उसणीची गोळी

आषाढात तरवा काढून लावणी सुरू झाली की आमच्या कुडाळ-मालवणच्या बाजूला घरटी एक तरी कंबर धरलेलं माणूस असतंच, दिवसभर चिखलात वाकायचं आणि संध्याकाळी सरळ व्हायला गेलं की उसण भरते, स्नायू असा दगडासारखा होतो की हात लावू देत नाही. मग मेडिकलमधून कोणीतरी "कंबरेची गोळी" आणतं आणि ती घरभर फिरते. गेल्या पावसात काकीने शेजारणीकडची उरलेली स्ट्रिप घेतली, चुलीपुढे बसल्या बसल्याच पेंगली आणि हाक मारल्यावर उठली तर भोवळ येऊन भिंत धरली. "माका काय कळलाच नाय, डोळेच उघडत नाय होते" म्हणाली. स्ट्रिपवर टिझानिडीन लिहिलेलं. हे औषध बीपीच्या जुन्या क्लोनिडीनच्या जातीतलं आहे, त्यामुळे बीपी उतरतो, आणि काकीची बीपीची गोळी आधीच चालू.

मुळात ही स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांतली (मसल रिलॅक्संट), पेनकिलर नाहीच. आखडलेल्या स्नायूवर थेट काम न करता ती मेंदू आणि मणक्यातल्या मज्जारज्जूवर काम करते, म्हणून झोप येते. अशी औषधं असतात हे कळलं तेही चुकून. 1945-46 च्या सुमारास फ्रँक बर्गर नावाचे शास्त्रज्ञ इंग्लंडमध्ये पेनिसिलीन खराब होऊ नये म्हणून काहीतरी शोधत होते, त्यातलं एक रसायन उंदरांना टोचलं तर उंदीर शुद्धीवर असूनही लुळे पडले आणि थोड्या वेळाने पुन्हा चालायला लागले. त्यातून मेफेनेसिन आलं, पण त्याचा असर फार टिकेना, मग मेप्रोबामेट 1955 मध्ये अमेरिकेत मनःशांतीची गोळी म्हणून बाजारात आलं आणि लोकांना तिची सवय लागली. 1959 चं कॅरिसोप्रोडोल त्याच घरातलं, शरीरात गेल्यावर त्याचं मेप्रोबामेटच होतं, म्हणून 2007 मध्ये युरोपच्या औषध संस्थेने ते बंद करायला सांगितलं. बॅक्लोफेन 1962 मध्ये फिट्ससाठी बनवलं होतं, तिथे जमलं नाही, पण लकव्यानंतर किंवा मणक्याच्या इजेनंतर ताठरलेल्या स्नायूंना त्याने आराम पडतो असं दिसलं. ते मात्र बरेच दिवस घेऊन एकदम सोडलं तर फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, डॉक्टर सांगतील तसं हळूहळूच कमी करायचं.

आपल्याकडे भरपूर खपणारं थायोकोल्चिकोसाइड तर आपल्या कुंपणावरूनच आलंय म्हणा ना. श्रावण-भाद्रपदात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलते, पानाच्या टोकाला वेटोळं असतं आणि त्याने शेजारच्या काटकीला धरून वर चढते ती कळलावी, तिच्या बियांत कोल्चिकोसाइड असतं आणि त्यात गंधक घालून हे औषध बनतं (थायो म्हणजेच गंधक). तामिळनाडूत बियांसाठी तिची शेतीच करतात. नावातच सगळं आहे, कळ लावणारी, पूर्वी अडलेल्या बाळंतिणीला हिच्या कंदाचा लेप लावत, आयुर्वेदात हिचं एक नाव गर्भनुत, म्हणजे गर्भ ढकलणारी. कंद पोटात गेला तर माणूस दगावतो, त्यामुळे "गोळी हिचीच ना, मग कंदच उगाळून घेऊ" असं कोणी म्हटलं तर हात धरून थांबवा.

आणि 2013 च्या नोव्हेंबरात युरोपच्या त्याच संस्थेने सांगितलं की हे औषध शरीरात गेल्यावर तयार होणाऱ्या एका घटकामुळे पेशी दुभंगताना गुणसूत्रांची संख्या चुकू शकते. म्हणून 8 मिलिग्रॅमची गोळी 12 तासांनी एक, जास्तीत जास्त 7 दिवस, 16 वर्षांखालच्यांना नाही, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला अजिबात नाही. नवं लग्न झालेली सून लावणीला वाकून कंबर धरून बसते आणि सासूची स्ट्रिप घेते, हे मी आमच्या वाडीत पाहिलंय, पाळी चुकलीय का हे कोणी विचारत नाही. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. फिट येणाऱ्यांनीही डॉक्टरांना आधी सांगायला हवं.

स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचा, बहुतेक गोळ्यांत अ‍ॅसिक्लोफेनॅक किंवा पॅरासिटामॉल आधीच घातलेलं असतं, वरून वेगळी पेनकिलर घेतली तर डोस दुप्पट होतो आणि पोट, किडनी, लिव्हर यांना भोगावं लागतं. टिझानिडीन चालू असताना लघवीच्या जळजळीला सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं तर बीपी धोकादायक खाली येतो, ती जोडी नकोच, म्हणून नव्या डॉक्टरांना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या दाखवा. संध्याकाळी दारू घेणार असाल तर ही गोळी नको, झोपेच्या गोळीबरोबरही नको. घेतल्यावर बाइक नको, होडी नको, माडावर तर चढूच नका. आणि पायात बधिरपणा आला, लघवी अडली किंवा पाठदुखीबरोबर ताप आला तर गोळी शोधत बसू नका, गाडी काढा आणि दवाखाना गाठा.