मेंदूची इजा आणि हाताच्या हालचाली : नरवानर गण

नरवानर गणातील प्राण्यांच्या, विशेषतः माकडे, कपी व मानव यांच्या मेंदूला इजा झाल्यास हाताच्या हालचालींवरील नियंत्रणात जे बदल होतात, त्यांचा अभ्यास चेताविज्ञान आणि पुनर्वसन वैद्यक या दोन्ही शाखांत होतो. मेंदूतील रक्तवाहिनी तुंबणे किंवा फुटणे, डोक्याला मार बसणे, मेंदूत गाठ होणे ही माणसांतील इजेची नेहमीची कारणे होत. माकडांविषयीची माहिती मात्र मुख्यतः प्रयोगशाळेत ठरावीक जागी केलेल्या मर्यादित इजेतून मिळालेली आहे. हाताची सगळी कामे अशा इजेने सारखी बिघडत नाहीत. खांदा व कोपर हलवणे, मूठ वळणे या क्रिया बहुधा आधी परत येतात. एकेक बोट सुटे हलवणे आणि अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत बारीक वस्तू धरणे सर्वांत उशिरा जमते, आणि कित्येकदा जमतच नाही.

याचे कारण मेंदूपासून हातापर्यंत येणाऱ्या मार्गांच्या रचनेत आहे. प्रमस्तिष्काच्या प्रेरक बाह्यकातून, म्हणजे हालचाल घडवणाऱ्या पृष्ठथरातून (मोटर कॉर्टेक्समधून), निघालेले चेतातंतू मस्तिष्कपुच्छात, म्हणजे मेंदूच्या खोडाच्या सर्वांत खालच्या भागात, पिरॅमिडच्या आकाराचा उंचवटा तयार करून बहुतांशी विरुद्ध बाजूला जातात व मेरुरज्जूत उतरतात (हाच पिरॅमिडी मार्ग); म्हणून मेंदूच्या डाव्या बाजूच्या इजेचा परिणाम उजव्या हातावर दिसतो. मांजरात हे तंतू हालचाल घडवणाऱ्या प्रेरक चेतापेशींना थेट भेटत नाहीत, मधल्या चेतापेशींमार्फत काम होते. मकाक माकडे, कपी व मानव यांच्यात मात्र काही तंतू प्रेरक चेतापेशींशी थेट जोडलेले असतात आणि ही जोडणी हाताच्या स्नायूंसाठी विशेष दाट असते. दक्षिण अमेरिकेतील, हत्यारे वापरणाऱ्या कॅप्युचिन माकडात ती आढळते, तर तेथल्याच खारमाकडात ती फारच क्षीण आहे. २००९ मध्ये रॅटलो व स्ट्रिक यांनी मकाकात दाखवले की अशा थेट जोडणीच्या पेशी प्रेरक बाह्यकाच्या मागच्या, मध्यवर्ती खाचेत दडलेल्या भागात एकवटलेल्या असतात. पुढच्या भागाला अशी थेट वाट जवळपास नाही. हा भाग खाचेच्या आत असल्याने केवळ पृष्ठभागावर केलेल्या इजेतून तो बचावू शकतो, हे जुने प्रयोग वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

विषयाचा इतिहास वादळी आहे. १८७० मध्ये फ्रिट्श व हिट्झिग यांनी कुत्र्याच्या बाह्यकाला विजेने उद्दीपित करून हालचाली घडवल्या. त्यानंतर डेव्हिड फेरिअर यांनी माकडांवर तसेच प्रयोग केले. १८८१ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत, बाह्यकात कामांची विभागणी नसते असे मानणाऱ्या गोल्ट्झ यांनी बाह्यकाचा मोठा भाग काढूनही चालणारा-फिरणारा कुत्रा सादर केला, तर फेरिअर यांनी एका बाजूचे प्रेरक क्षेत्र काढलेले, अर्धांगवायू झालेले माकड आणले. त्याला पाहून फ्रेंच चेतावैद्य शार्को ‘हा तर रुग्णच आहे’ असे उद्गारले. पुढे फेरिअर यांच्यावर प्राण्यांवरील क्रौर्यविषयक कायद्याखाली खटला झाला. शस्त्रक्रिया दुसऱ्या, परवानाधारक सहकाऱ्याने केल्याचे निष्पन्न झाल्यावर ते सुटले. कुत्रा आणि माकड यांच्यातला तो फरक केवळ इजेच्या आकाराचा नव्हता, त्या दोन प्राण्यांच्या चेतामार्गांचाही होता.

या क्षेत्रातील पायाभूत काम १९६८ मध्ये लॉरेन्स व कायपर्स यांनी प्रसिद्ध केले. त्यांनी ऱ्हीसस या मकाक माकडांतील दोन्ही बाजूंचे पिरॅमिडी मार्ग मस्तिष्कपुच्छात छेदले. काही आठवड्यांत ही माकडे धावू लागली, पिंजऱ्याच्या गजांवर चढू लागली, खाद्याकडे हात नेऊ लागली. पण छोट्या खळग्यातला खाऊ उचलताना सगळी बोटे एकदमच मिटत, तर्जनी एकटी खळग्यात घालणे त्यांना पुन्हा कधीच साधले नाही. आणखी एक बाब त्यांनी टिपली. हातात आलेला खाऊ सोडणे माकडांना जड जाई, मात्र चढताना गजावरची पकड तीच माकडे सहज सोडत. मूठ उघडणारे स्नायू दुबळे झाले एवढ्यावरून याचा उलगडा होत नाही. तोच हात एका कामात मेंदूचे ऐकतो आणि दुसऱ्यात ऐकत नाही. पुढच्या टप्प्यात त्यांनी मेंदूच्या खोडातून उतरणारे मार्गही छेदले. बाजूचा, तांबडे केंद्रक या खोडातील पेशीसमूहाकडून येणारा मार्ग गेला की हाताच्या हालचाली आणखी ढासळत. मधल्या बाजूचे मार्ग गेले की माकडाला धड बसताही येत नसे, पण खुर्चीत आधार देऊन बसवले तर हात खाऊ उचलू शके.

इजा कोठे झाली यानुसार बिघाडाचे स्वरूप बदलते. पार्श्विक खंडातील खाचेच्या पुढच्या टोकाचा एक लहान भाग औषधाने तात्पुरता बंद केल्यावर मकाक माकडाची बोटे वस्तूच्या आकाराला साजेशी आधीच उघडत नाहीत, असे १९९४ मध्ये दिसून आले. हात वस्तूपर्यंत नीट पोचतो, आणि स्पर्श झाल्यावर पकड सुधारतेही, परंतु डोळ्यांनी पाहिलेला आकार बोटांपर्यंत पोचत नाही. बाह्यकाच्या आतल्या बाजूच्या पूरक प्रेरक क्षेत्राला इजा झाल्यास दोन्ही हातांच्या कामाची वाटणी बिघडते. ब्रिंकमन यांच्या १९८४ च्या प्रयोगात माकडाला पट्टीच्या भोकात अडकलेला खाऊ एका बोटाने वरून ढकलून दुसऱ्या हाताच्या तळव्यावर झेलायचा होता. इजेनंतर दोन्ही हात एकच हालचाल करू लागले, वरून एक बोट ढकले आणि खालून दुसरे. दोन्ही गोलार्ध जोडणारा तंतूंचा पट्टा नंतर कापल्यावर हा दोष नाहीसा झाला. स्पर्शाची जाणीव घेणाऱ्या संवेदी बाह्यकाच्या इजेत स्नायूंची शक्ती शाबूत असली तरी बोटांचा समन्वय जातो. अनुमस्तिष्काच्या, म्हणजे लहान मेंदूच्या, इजेत हात लक्ष्याच्या पुढे-मागे जातो व वस्तूजवळ पोचताना थरथरतो. गॉर्डन होम्स यांनी पहिल्या महायुद्धातील गोळी लागलेल्या सैनिकांत याचे बारकाईने वर्णन केले.

इजेनंतर हात सुधारतो तेव्हा नेमके काय सुधारते, हा या विषयातील सर्वांत कळीचा प्रश्न आहे. माकडांत चाचणीसाठी वेगवेगळ्या व्यासांचे खळगे असलेला फलक वापरतात. खाऊ काढायला लागणारा वेळ इजेपूर्वीइतका झाला की प्राणी बरा झाला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण चित्रफीत पाहिल्यावर कळते की चिमटीऐवजी बोटांनी खरवडून किंवा बाजूने ओढून खाऊ काढला जातो आहे. काम तेच, हालचाल वेगळी. केवळ वेळ नोंदवणाऱ्या जुन्या अहवालांकडे म्हणूनच सावधपणे पाहावे लागते.

अस्सल पुनर्प्राप्तीचेही पुरावे आहेत. नूडो व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये खारमाकडांच्या प्रेरक बाह्यकातील हाताच्या क्षेत्रात छोटी इजा केली. सराव न दिलेल्या माकडांत शेजारच्या निरोगी भागातले बोटांचे क्षेत्रही आकसले, तर चांगला हात अडकवून दुबळ्या हाताला खळग्यांचा सराव दिलेल्या माकडांत ते टिकून राहिले, काहींत वाढलेही. मकाकांतही इजेनंतर नियमित सराव मिळालेल्या माकडांत चिमटीची पकड सराव न मिळालेल्यांपेक्षा चांगली परत येते, असे २००८ मध्ये दाखवले गेले. ही पकड कोणत्या मार्गाने परत येते याचेही काही उत्तर मिळाले आहे. मानेच्या वरच्या मणक्यांपाशी मेरुरज्जूत असलेल्या मधल्या चेतापेशी मेंदूचा संदेश हातापर्यंत पोचवू शकतात. त्यांच्या खाली पिरॅमिडी मार्ग छेदला तरी मकाक काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत चिमटीने खाऊ उचलू लागतो. मेंदूच्या खोडातील जालिका भागातून उतरणारे तंतूही इजेनंतर बळकट होतात, परंतु बोटे मिटवणाऱ्या स्नायूंकडे अधिक, उघडणाऱ्यांकडे कमी. पक्षाघाताच्या अनेक रुग्णांची बोटे मिटतात पण उघडत नाहीत, त्यामागे हे एक कारण असावे.

माकडांवरील कामातून उपचारही निघाले. हाताच्या संवेदना मेरुरज्जूकडे नेणाऱ्या चेतामुळांचा छेद केल्यावर माकड तो हात वापरणे सोडून देते, असे मॉट व शेरिंग्टन यांना १८९५ मध्येच दिसले होते. ही मेंदूची इजा नव्हे. पण चांगला हात बांधला की माकड तोच ‘निकामी’ हात वापरू लागते, असे एडवर्ड टॉब यांनी दाखवले आणि त्यातून चांगला हात बांधून ठेवण्याची उपचारपद्धती तयार झाली. पक्षाघातानंतर तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ रुग्णांवरील तिच्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले व दोन आठवड्यांच्या उपचाराचा फायदा वर्षभर टिकल्याचे आढळले. चाचणीत हातात थोडीफार हालचाल उरलेलेच रुग्ण घेतले होते, हे विसरता येत नाही.

माकडांचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. प्रयोगातील इजा बहुधा लहान आणि बाह्यकापुरती असते, तर माणसातील पक्षाघात पुष्कळदा खोलवर, जेथे बाह्यकाकडून येणारे तंतू दाटीने एकत्र येतात तेथे होतो, आणि तेथील लहानशी इजाही संपूर्ण हात बंद पाडू शकते. माणसाचा हात पिरॅमिडी मार्गावर माकडाच्या हातापेक्षा अधिक विसंबून असल्याने त्या मार्गाच्या इजेनंतर माकडाला जेवढे परत मिळते तेवढे माणसाला सहसा मिळत नाही.