पार्श्वभूमी : दवाखान्याच्या वाटेवरचं कोर्ट

कोकणात माणसं मानसोपचाराला कचरतात, याचं खापर सहसा भगत, देवस्की (देव-भुतांचे उपाय) आणि ‘बाहेरचं लागलंय’ या समजुतीवर फोडलं जातं. ते अर्धंच खरं आहे. रत्नागिरीचं मनोरुग्णालय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उभं आहे. उपचाराची जागा इथल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. अडत होतं ते आत जाण्याच्या वाटेवर, कारण ती वाट बराच काळ मॅजिस्ट्रेटच्या कचेरीतून जात होती.

वेडाविषयीच्या १९१२ च्या कायद्यानुसार रुग्णाला दाखल करायचं तर नातेवाइकाने मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा, सोबत दोन डॉक्टरांचे दाखले जोडायचे, मग ‘रिसेप्शन ऑर्डर’, म्हणजे रुग्णाला ठेवून घेण्याचा मॅजिस्ट्रेटचा हुकूम, निघायची. रस्त्यावर भटकणाऱ्याला पोलीस ताब्यात घेऊन मॅजिस्ट्रेटपुढे उभं करत. आपणहून दाखल व्हायची सोय होती, पण त्यालाही रुग्णालयावर देखरेखीसाठी नेमलेल्या दोन अभ्यागतांची संमती लागे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणणाऱ्या मुलखात आजारी माणसालाच ती चढावी लागत होती. वाडीला दिसायचं ते एवढंच, की अमक्याच्या दारात पोलीस आले. ‘याला रत्नागिरीला न्या’ हा टोमणा अशाच वातावरणात रुजला.

१९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ मध्ये अमलात आला. त्याने स्वेच्छेचा दरवाजा रुंद केला आणि नातेवाइकांच्या विनंतीवरून, डॉक्टरांच्या दाखल्यांसह, ९० दिवसांपर्यंत कोर्टाविना दाखल करून घेण्याची मुभा दिली. रिसेप्शन ऑर्डर मात्र कायम ठेवली. हा निर्णय तेव्हाही वादाचा होता. साखर किंवा दमा असलेल्याला न्यायाधीशापुढे नेत नाहीत, मग यालाच का, असा डॉक्टरांचा आणि बऱ्याच कुटुंबांचा सवाल होता. कोर्टाचा पहारा उठला तर नातेवाईक धडधाकट माणसालाही आत टाकतील, हे दुसऱ्या बाजूचं म्हणणंही हवेतलं नव्हतं. कोकणात तर ते चटकन पटावं. सातबाऱ्यावर डझनभर नावं, सामायिक कलमांची बाग, एक भाऊ मुंबईला, दुसरा गावात, आणि चुलत्या-पुतण्यांचे दावे दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं पडलेले. एखाद्याला वेडा ठरवलं की त्याचा हिस्सा मागायला कोण उभं राहणार? दोन्ही जुन्या कायद्यांत रुग्णाच्या मालमत्तेबद्दल न्यायालयीन चौकशीची स्वतंत्र तरतूद होती, ती उगाच नव्हे.

तरी पहारा चुकीच्या दारावर बसला, असंच म्हणावं लागतं. जमिनीचा प्रश्न आणि उपचाराचा प्रश्न लोकांच्या मनात एक होऊन गेले, आणि त्याची किंमत मोजली ती ज्यांना दाखल होण्याची गरजच नव्हती त्यांनी. झोप उडालेली बाळंतीण, कशातच मन न लागणारा कॉलेजचा मुलगा, छातीत धडधडतं म्हणून तीनदा ईसीजी काढून आलेला गृहस्थ. बाह्यरुग्ण विभागात तपासून, गोळ्या घेऊन संध्याकाळच्या एसटीने घरी परतायला मॅजिस्ट्रेटचा कागद लागत नव्हता. हे वाडीत कुणी येऊन सांगितलंच नाही. मुलींच्या बाबतीत आणखी एक भीती होती. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचं एक कारण आहे, त्यामुळे केसपेपर सासरी पुरावा म्हणून दाखवला जाईल, या धास्तीने आया तो घरात ठेवतच नसत. आजही सिंधुदुर्गातले अनेक जण गोव्यात बांबोळीला जातात, रत्नागिरीकडचे कोल्हापूर गाठतात. तिथे ओळखीचं कुणी भेटत नाही.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आखला गेला. त्याच वर्षी मुंबईत गिरणी संप झाला, कोकणातल्या कितीतरी घरांची मनीऑर्डर थांबली आणि गावी परतलेल्या चाकरमान्यांच्या दारूकडे फक्त व्यसन म्हणून पाहिलं गेलं. जिल्हा पातळीवरचा कार्यक्रम देशात १९९६ पासून सुरू झाला. २०१५ मध्ये राज्याने शेतकऱ्यांसाठी समुपदेशनाची योजना आणली, ती विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांपुरती. तिथली निकड मोठी होतीच. पण बागायतदार आणि मच्छीमार त्या नकाशात आले नाहीत.

देवस्कीचा मुद्दा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने बराचसा सोडवला. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हे गुन्हे ठरले. पूजाअर्चा, यात्रा वगळल्या गेल्या. त्यामुळे देवाला गाऱ्हाणं घालणं, देवाच्या पाषाणाला कळे लावून कौल, म्हणजे देवाचं उत्तर, घेणं चालूच राहिलं, आणि त्यात वावगं काही नाही. गोळ्या सुरू करायच्या का, याचाही कौल काही घरांत लावतात. उजवा, म्हणजे होकाराचा, मिळाला की सगळं घर रुग्णाच्या पाठीशी उभं राहतं. डॉक्टरांनी याला हसण्यापेक्षा त्याचा उपयोग करून घ्यावा.

तमिळनाडूत एरवाडीला २००१ मध्ये साखळदंडात अडकलेले २८ रुग्ण आगीत दगावले, तेव्हापासून जुना कायदा बदलण्याची मागणी जोर धरत गेली. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू झाला. रिसेप्शन ऑर्डर गेली. स्वतःहून दाखल होणं हा नियम झाला, इतरांच्या मदतीने दाखल करण्याला सुरुवातीला ३० दिवसांची मर्यादा आली, पोलिसांनी रुग्णाला कोठडीत न ठेवता २४ तासांत सरकारी दवाखान्यात न्यावं असं ठरलं. रुग्णाच्या मालमत्तेबद्दलच्या तरतुदीही वगळल्या. आता दीर्घ आजारी भावाचं बँक खातं कुणी चालवायचं, हा प्रश्न घरच्यांना छळतो.

२०२० मध्ये निसर्ग वादळ आलं, पुढच्या वर्षी तौक्ते आणि चिपळूणचा महापूर. पंचनाम्यात घरं, माड, पोफळी मोजल्या गेल्या. त्यानंतर वारा सुटला तरी रात्रभर जागणाऱ्यांची नोंद कुठल्याच रकान्यात नव्हती. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा मानसिक आरोग्याच्या सल्ल्याचा मोफत दूरध्वनी सुरू आहे, चोवीस तास, मराठीतही. नाव-गाव गुप्त ठेवून बोलता येतं, हा त्याचा इथल्या वाड्यांसाठी सगळ्यात मोठा फायदा. गोळ्या लागल्याच तर मात्र अजूनही तालुक्याला किंवा जिल्ह्याला जावं लागतं, आणि खेड्यातल्या रुग्णाची त्यात एक दिवसाची मजुरी बुडते.