एलईडी बल्ब मागायच्या आधी हे वाचा

उसाचा हंगाम सुरू झाला की दुकानात एकच वाक्य ऐकू येतं, "हेडलाइट कमी पडते, पांढरी एलईडी टाकून द्या." कराड-इस्लामपूर पट्ट्यात रात्री गाडी चालवणाऱ्याला कारण विचारायला नको. पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, ऊस हातभर बाहेर आलेला. ऐंशीच्या स्पीडला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते, थांबायला 70 मीटर तरी लागतात आणि डिपरवर, म्हणजे खाली पडणाऱ्या लाइटवर, नीट दिसतं ते 50-60 मीटर. म्हणजे डिपरवर ऐंशी हा स्पीडच जास्त आहे, बल्ब कुठलाही असू दे.

हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये आम्ही एलईडी बल्ब टाकून देत नाही, गिऱ्हाईक परत गेलं तरी. एच-4 बल्ब, म्हणजे अप्पर-डिपर दोन्ही फिलामेंट एकातच असलेला हॅलोजन, जवळून बघा, डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची बारीक वाटी असते. तिच्यामुळं उजेड हेडलाइटच्या आतल्या चकचकीत रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर येतो. सगळा हिशोब त्या फिलामेंटच्या जागेवर केलेला असतो. एलईडीची चिप बरोबर तिथंच बसत नाही, मग उजेड फाकतो. बॉनेटपुढं लख्ख दिसतं म्हणून भारी वाटतं, पण डोळा त्या उजेडाला सरावला की लांबचं उलट कमी दिसतं, आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो तो वेगळाच.

आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो ऑनलाइन मागवून घरी बसवलेल्या बल्बांवर. मागचा फॅन आत मावत नाही म्हणून लोक रबरी कव्हर कापतात, ते तसंच उघडं राहतं, पावसाळ्यात आत पाणी जातं आणि रिफ्लेक्टर काळा पडतो. तो पुसून चमकत नाही, बहुतेक वेळा अख्खा हेडलाइट बदलावा लागतो. कृपा करून कव्हर कापू नका, आणि कंपनीचे जुने बल्ब टाकून देऊ नका, घेऊन या.

उजेड कमी असण्याचं कारण बऱ्याचदा बल्ब नसतोच. काच पिवळी पडलेली असते, ती घासून पॉलिश करून देतो. नाहीतर अर्थिंग सैल असतं. व्होल्टेज दहा टक्के पडलं की हॅलोजनचा उजेड तीस टक्क्यांच्या आसपास पडतो, म्हणून आम्ही आधी मीटर लावतो मगच बल्बचं बोलतो. 100/90 वॅटचा बल्ब मूळ वायरिंगवर लावला तर होल्डर वितळतो, वेगळी रिले वायरिंग (बॅटरीवरून बल्बला सरळ करंट देणारी) न करता तो मागू नका.

आणि स्टिअरिंगच्या उजवीकडं खाली 0 ते 3 आकड्यांचा नॉब असेल तर तो आधी बघा. मागं माणसं, सामान असलं की गाडीचं नाक वर होतं, तेव्हा फोकस खाली घ्यायला तो असतो. धुताना कुणीतरी फिरवून 3 वर ठेवतं आणि मालक एकटाच महिनाभर "लाइट कमी" म्हणत फिरतो. 0 वर केल्यावर काम झालं तर दुकानात यायची पण गरज नाही.

"फोकस जरा वर घ्या" असं सांगितलं तरी आम्ही अंदाजानं स्क्रू फिरवत नाही. सपाट जागेवर, भिंतीपासून 10 मीटरवर गाडी उभी करतो आणि डिपरच्या उजेडाची वरची रेघ हेडलाइटच्या उंचीपेक्षा साधारण 10 सेंटिमीटर खाली आणतो. याला वेळ लागतो म्हणून त्याचे वेगळे पैसे घेतो. डिकीत पोती ठेवून आलात तर सेटिंग चुकतं, पोती उतरवली की तोच फोकस रस्त्यावर तोकडा पडतो, मग परत चक्कर.

ट्रॉलीवाल्यांसाठी रिफ्लेक्टर टेप ठेवलीय, मागं लाल, बाजूला पिवळी. फळकुटाच्या वरच्या कडेला लावली तर लोंबत्या उसाखाली झाकते, खालच्या कडेला लावून घ्या आणि चिखल पुसत जा.

फोकससाठी अंधार पडल्यावर या, डिकी रिकामी करून, चाकांत हवा बरोबर भरून. निघायच्या आधी फोन करा, म्हणजे भिंतीपुढची जागा मोकळी ठेवतो.